उघडी विद्या

आता मोबाइल घरोघरी आला आहे. बाजाराच्या दिवशी पाहा. भाजीवालीच्या टोपलीजवळ मोबाइल, बंडी हाकणाऱ्याच्या खिशात मोबाइल. एस.टी.च्या थांब्यावर तर ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. कापसाचा भाव आपण त्यावर पाहतो. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराचे तोंडही त्यावरच पाहतो.

पण हे यंत्र कोणाच्या अकलेने चालते, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. ती गोष्ट नुसती यंत्राची नाही. तुमच्या मुलाबाळांच्या शिक्षणाचीही आहे. म्हणून निवांत बसून वाचा. एका बैठकीत झाले नाही, तर दोन बैठकींत वाचा.

यंत्र आणि त्याची अक्कल

मोबाइल उघडला तर आत धातूचे आणि काचेचे तुकडे दिसतात. त्या तुकड्यांना स्वतःची अक्कल नसते. त्यांना एकेक पायरी सांगावी लागते. सासू नव्या सुनेला पुरणपोळी शिकवते, तेव्हा काय सांगते? आधी डाळ शिजव. मग पाणी काढ. मग गूळ घाल. मग पुरण वाट. एक पायरी चुकली की पोळी फुटते.

यंत्रालाही अशाच पायऱ्या लिहून द्याव्या लागतात. त्या लिखाणाला प्रोग्राम म्हणतात. यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रामना मिळून सॉफ्टवेअर म्हणतात. हे लिखाण माणसेच करतात. एकेका सॉफ्टवेअरमध्ये हजारो, लाखो ओळी असतात. माणसाने लिहिले म्हणजे त्यात चुका आल्याच. त्या शोधून दुरुस्त कराव्या लागतात. ते काम कधी संपत नाही.

घरचे बी आणि दुकानचे बी

आपले आजोबा ज्वारीची चांगली कणसे निवडून ठेवत. पुढच्या साली तेच बी पेरत. शेजाऱ्याने मागितले तर त्यालाही देत. आता आपण संकरित बी आणतो. त्याचे दाणे राखून पेरले, तर पीक पहिल्यासारखे येत नाही. दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. ते बी कशापासून तयार केले, हे कंपनीला ठाऊक. संकरित बियाने पीक वाढवले, हेही खरे आहे. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण या दोन रीती वेगळ्या आहेत, एवढे ध्यानात घ्या.

सॉफ्टवेअरच्याही अशाच दोन रीती आहेत. एक बंद रीत. तुम्ही ते विकत घ्यावे आणि वापरावे. आतले लिखाण पाहता येत नाही. बिघडले तर कंपनी दुरुस्त करीपर्यंत थांबावे. दुसरी उघडी रीत. हिच्यात मूळ लिखाण सर्वांपुढे ठेवलेले असते. कोणीही ते वाचावे, वापरावे, सुधारावे आणि दुसऱ्याला द्यावे. या रीतीला ओपन सोर्स म्हणतात. ओपन म्हणजे उघडे आणि सोर्स म्हणजे मूळ. हे नाव १९९८ साली पडले. रीत त्याहून जुनी आहे.

उघडे म्हणजे बेवारस नव्हे, बरे का. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांचे असते. म्हणून काही कोणी तिच्यात घाण टाकत नाही. उघड्या सॉफ्टवेअरलाही नियम असतात, परवाना असतो आणि राखणदार असतात.

एका विद्यार्थ्याची गोष्ट

अमेरिकेत एम.आय.टी. नावाची मोठी विद्यासंस्था आहे. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. १९८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत छपाईचे एक नवे यंत्र आले. ते वारंवार अडत असे. स्टॉलमन यांना ते सुधारायचे होते. पण त्याचे मूळ लिखाण मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील एका माणसाजवळ ते होते. पण मी कोणाला दाखवणार नाही, असा करार त्याने केलेला होता. त्याने नकार दिला. यंत्र समोर, दुरुस्त करणारा समोर, आणि लिखाण मात्र कुलपात! ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. १९८३ साली त्यांनी जाहीर केले, की आपण सर्वांना मोकळे असलेले सॉफ्टवेअर तयार करू. त्या कामाचे नाव ग्नू.

आता फिनलंडला चला. हा युरोपातील एक थंड देश आहे. तेथील हेलसिंकी शहराच्या विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्या वेळी ॲमस्टरडॅम शहरात अँड्र्यू टॅननबॉम नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ साली मिनिक्स नावाचे सॉफ्टवेअर तयार केले होते. त्यासोबत पुस्तकही लिहिले होते. लिनसने ते पुस्तक वाचले. त्यावरून त्याला सुचले, की आपणही असे काही लिहावे. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याने इतरांना कळवले, की मी हौसेखातर असे काम करीत आहे, तुमच्या सूचना सांगा. तेव्हा त्याचे वय होते २१ वर्षे. या कामालाच पुढे लिनक्स हे नाव पडले.

पुढची गोष्ट आम्हांला फार आवडते. १९९२ साली त्या प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष लिहिले, की लिनक्सची बांधणी जुनाट आहे. तू माझा विद्यार्थी असतास तर तुला चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी सुनावले. विद्यार्थी गप्प बसला नाही. त्यानेही सर्वांसमक्ष उत्तर दिले. दोघांनी आपापली बाजू मांडली. जगाने दोन्ही बाजू वाचल्या. प्राध्यापकांच्या पुस्तकावाचून तो विद्यार्थी घडला नसता. आणि प्राध्यापकांच्या शब्दाला भिऊन तो थांबला असता, तर लिनक्स झाले नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज अँड्रॉइडचा जो मोबाइल आपण वापरतो, त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतील सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. एका विद्यार्थ्याने हौसेने सुरू केलेल्या कामाला हजारो हात लागले, म्हणून हे झाले.

हाती झाडू

हजारो हात लागतात म्हणजे काय होते? नवा माणूस तिथे जातो तरी कसा? त्याला ओळख लागते का? वशिला लागतो का?

हे कळण्यासाठी आपल्या गाडगेबाबांना आठवा. आपल्या अमरावती जिल्ह्यातच ते जन्मले. १९५६ साली ते गेले. बाबा गावात येत, तेव्हा आधी भाषण करीत नसत. हाती झाडू घेत आणि गाव झाडू लागत. एक जण पाहून येई, दुसरा येई. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई. रात्री कीर्तन. बाबांनी कोणाला विचारले नाही, की झाडू का म्हणून. जिथे घाण दिसली तिथून सुरुवात केली.

उघड्या सॉफ्टवेअरच्या कामातही सुरुवात झाडूपासूनच असते. पहिल्याच दिवशी कोणी मोठा प्रोग्राम लिहीत नाही. कोणी एखादी चूक कळवतो. कोणी समजुतीच्या पानांतील चुकलेला शब्द नीट करतो. कोणी इंग्रजी सूचना मराठीत आणतो. असे करता करता आतले लिखाण कळू लागते. मग तो एखादी लहान चूक स्वतः दुरुस्त करतो.

ही दुरुस्ती तो सर्वांपुढे मांडतो. त्या सॉफ्टवेअरचे जे राखणदार असतात, ते ती वाचतात. प्रश्न विचारतात. चुकली असेल तर परत पाठवतात. बरोबर असेल तर आत घेतात. कोणी कोणती ओळ कोणत्या दिवशी लिहिली, याची नोंद कायम राहते. करणारा अकोल्याचा आहे की अमेरिकेचा, त्याने पहिला वर्ग मिळवला की तो नापास झाला, याने काम खरे-खोटे ठरत नाही. कामच त्याची ओळख ठरते.

वस्ताद कशाला हवा?

सगळे उघडे आहे, तर शिकवणारा कशाला हवा? लिखाण समोर आहे, मुलगा वाचील आणि शिकेल, असे कोणी म्हणेल.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हांला ठाऊक आहेच. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते सुरू केले. १९३६ साली तेथील मंडळी जर्मनीत बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली आणि तिथे आपले देशी खेळ जगाला दाखवून आली. आता सांगा, मल्लखांब तर मैदानातच उभा असतो. तो काही कुलपात नसतो. मग नवा मुलगा आपला आपण का शिकत नाही? कारण पकड चुकली की तो पडतो. एकदा पडला, दोनदा पडला की घरी जातो. वस्ताद जवळ उभा असतो. तो मुलाच्या ऐवजी स्वतः मल्लखांबावर चढत नाही. पाय असा घाल, एवढेच सांगतो. पडला तर पुन्हा चढ म्हणतो.

या कामातही असा वस्ताद लागतो. त्याला मार्गदर्शक म्हणू. इंग्रजीत मेंटर म्हणतात. नवशिक्याला झेपेल असे काम निवडून देणे, हे त्याचे पहिले काम. चूक झाली तर ती कशी झाली हे दाखवणे, हे दुसरे. आणि स्वतः दुरुस्त करण्याचा मोह आवरणे, हे तिसरे. हे तिसरे काम सर्वांत अवघड आहे. आम्ही उभा जन्म शाळेत काढला. मुलाच्या हातची पाटी ओढून आपणच गणित सोडवून द्यावे, असे आम्हांला कितीदा वाटले! कितीदा आम्ही तसे केलेही. गणित सुटे, पण मुलगा शिकत नसे.

मुंबईतील कामाचा नमुना

आपल्या महाराष्ट्रातही असे काम चालते. मुंबईला पवई येथे आय.आय.टी. ही मोठी संस्था आहे. तिथे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने एक काम उभे राहिले. त्याचे नाव फॉसी. उघडे सॉफ्टवेअर कॉलेजांत पोचवावे, हा त्याचा हेतू. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी या कामात पुढाकार घेतला.

त्यांनी काय केले ते पाहा. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सोडवलेली उदाहरणे असतात. फॉसीने विद्यार्थ्यांना सांगितले, की एक पुस्तक घ्या. त्यातील उदाहरणे सायलॅब नावाच्या उघड्या सॉफ्टवेअरवर सोडवून दाखवा. सायलॅब मूळ फ्रान्स देशातले. विद्यार्थ्यांनी काम करावे, जाणत्यांनी तपासावे, मग ते सर्वांसाठी मोकळे करावे, अशी पद्धत ठेवली. विद्यार्थ्याला मानधन आणि प्रमाणपत्रही ठेवले. अशी शेकडो पुस्तके तयार झाली. एरवी परीक्षा झाली की विद्यार्थ्याची वही रद्दीत जाते. इथे एकाची वही हजारांच्या उपयोगी पडली.

प्राध्यापकांसाठीही काम ठेवले. आपल्या प्रयोगशाळेत महागडे बंद सॉफ्टवेअर असेल, तर तेच प्रयोग उघड्या सॉफ्टवेअरवर करून दाखवावेत. म्हणजे गरीब कॉलेजलाही ते प्रयोग करता येतील.

याच संस्थेत स्पोकन ट्युटोरियल नावाचे दुसरे काम झाले. म्हणजे बोलते धडे. पडद्यावर संगणकाचे काम दिसते आणि कोणी तरी बोलून समजावते. एक धडा सुमारे दहा मिनिटांचा. धडा थांबवायचा, आपण तसे करून पाहायचे, पुन्हा पुढे जायचे. मास्तर रागावत नाही आणि दमतही नाही. हे धडे मराठीतही आहेत. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांना त्यांचा मोठा आधार आहे.

हे धडे तयार करण्याची रीत आम्हांला विशेष वाटली. धडा लिहिला की तो एका नवशिक्याकडून तपासून घेतात. ज्याला त्यातले काही येत नाही, असा माणूस मुद्दाम शोधतात. तो जिथे अडला, तिथे धडा चुकला असे समजतात. मोठ्या विद्वानांच्या कामाला परीक्षक कोण? तर ज्याला येत नाही तो! तुम्ही नुकते वाचायला शिकलात. तुम्हीही असे परीक्षक होऊ शकता. हे पुस्तक वाचताना तुम्ही जिथे अडलात, तिथे चूक तुमची नव्हे, लिहिणाऱ्याची समजावी.

याच आय.आय.टी.त प्रभू रामचंद्रन नावाचे प्राध्यापक विमानविद्या शिकवतात. मद्रासच्या आय.आय.टी.त विद्यार्थी असताना त्यांनी एक उघडे सॉफ्टवेअर सुरू केले. शास्त्रज्ञांची आकडेमोड चित्रात दाखवण्याचे ते काम करते. त्याचे नाव त्यांनी आपल्या भाषेतलेच ठेवले. मायावी! जगभरातले शास्त्रज्ञ ते वापरतात. कालचा विद्यार्थी असा आजचा वस्ताद होतो.

लाखाचा स्वल्पविराम

आता आमच्या गावाकडची हकीकत ऐका. गाव अकोल्याकडचे. मुलगा आमच्याच शाळेतून चौथी पास झालेला. नाव सांगत नाही. पुढे तो अभियांत्रिकीला गेला. शेवटच्या वर्षी तिथे एक मोठे काम स्वतः करून दाखवावे लागते. त्याला प्रोजेक्ट म्हणतात. पण ते तयार विकत मिळते, असे त्याला कळले. बापाने एक क्विंटल कापूस विकून पैसे दिले. मुलाने तयार प्रोजेक्ट आणला. कॉलेजात कोणी दोन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. मुलगा पास झाला.

पुढे नोकरीसाठी मुलाखतीला गेला. तिथे विचारले, तू काय केलेस ते समजावून सांग. त्याला सांगता येईना. चार ठिकाणी असेच झाले. तो घरी येऊन बसला. बापाशी बोलेना. एक दिवस आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मले काहीच येत नाई. कागद तेवढा हाये." आम्हांला वाईट वाटले. त्याला उत्तर द्यावे, एवढे ज्ञान आम्हांला नव्हते.

त्याला वाट दाखवली ती एका तरुण प्राध्यापकांनी. तेही त्याच्याच कॉलेजातले. ते म्हणाले, "उघड्या सॉफ्टवेअरचे काम मलाही पुरते येत नाही. शनिवारी ये, दोघे मिळून पाहू." आम्ही इतकी वर्षे मास्तरकी केली. मला येत नाही, हे वाक्य वर्गात एकदाही बोललो नाही. त्या तरुणाने ते सहज म्हटले, आणि मुलाचा धीर वाढला.

दोघांनी हिशेब ठेवण्याचा एक उघडा प्रोग्राम निवडला. तो वापरताना मुलाला एक चूक दिसली. आपण एक लाख कसे लिहितो? १,००,००० असे. शेवटचे तीन आकडे सोडून पुढे दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम देतो. परदेशात तीन-तीन आकड्यांवर देतात. ते १००,००० असे लिहितात. तो प्रोग्राम आपल्या माणसालाही परदेशी रीतच दाखवी. दुकानदार वाचताना गोंधळे. मुलाने ते दुरुस्त केले आणि पाठवले. ही २०१९ सालची गोष्ट.

त्या प्रोग्रामच्या राखणदारांत पोर्तुगाल देशातील एक बाई होत्या. त्यांनी ते परत पाठवले. लाख बरोबर आला, पण कोटी लिहून पाहिलास का? मुलाने पाहिले. कोटीत स्वल्पविराम चुकत होता. त्याने पुन्हा दुरुस्त करून पाठवले. बाईंनी पुन्हा परत पाठवले. उधारीची रक्कम वजा असते, ती तपासलीस का? तीही चुकत होती. तिसऱ्यांदा बाईंनी लिहिले, तुझ्या देशाचे बरोबर झाले, पण आमच्या देशाचे बिघडले नाही ना, हे तपासून दाखव.

मुलगा रात्री जागू लागला. बाप वैतागला. आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "गुरुजी, पोट्टं रातभर त्या डब्यासमोर बसून रायते. एक पैसा भेटत नाई. त्या बाईले याचं काम कायले पाह्यजे? फुकट राबवून रायली ते याले."

आम्ही म्हटले, "भाऊ, एक क्विंटल कापूस देऊन तुम्ही जे आणलं, ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. या बाई फुकट तपासून देऊन राहिल्या. कोण कोणाला राबवते, ते तुम्हीच सांगा." बाप काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रात्री चहा करून देऊ लागला.

शेवटी दुरुस्ती आत घेतली गेली. मग बाईंनी विचारले, की हे लाख आणि कोटी म्हणजे नेमके काय? आमच्याकडे असे शब्द नाहीत. मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून लिहिले. बाईंनी ते समजुतीच्या पानांत त्याच्या नावासकट घातले. म्हणजे पाहा. जी शिकवत होती, ती शेवटी शिकली. जो शिकत होता, त्याने शिकवले.

नोकरी लागली ती आठ महिन्यांनी. केवळ या कामामुळे लागली, असे आम्ही म्हणणार नाही. पण मुलाखतीत त्याने ते पान उघडून दाखवले. तीनदा परत आलेले कामही तिथे उघडे होते. त्याला त्याची लाज वाटत होती. विचारणाऱ्यांनी मात्र तेच नीट वाचले आणि त्यावरच प्रश्न विचारले. या वेळी त्याला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येत होते.

खोटा झाडू

चांगल्या कामाला खोटेपणाही चिकटतो. तोही सांगितला पाहिजे.

हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम दर ऑक्टोबर महिन्यात होतो. ठरावीक दुरुस्त्या पाठवणाऱ्याला त्यात सदरा बक्षीस मिळे. २०२० साली सदऱ्यासाठी झुंबड उडाली. पुष्कळ जणांनी काही वाचले नाही, समजून घेतले नाही. उगाच एखादा शब्द घुसडून दुरुस्ती म्हणून पाठवला. त्यांत आपल्या देशातील विद्यार्थीही बरेच होते. राखणदारांचे दिवसच्या दिवस तो कचरा काढण्यात गेले. शेवटी चालकांना नियम बदलावा लागला. ज्यांना हवे असेल त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये भाग घ्यावा, असे ठरले. स्वच्छ अंगणात कचरा टाकून फोटोपुरता झाडणारा आणि हे, यांत फरक तो काय?

चूक विद्यार्थीच करतात असे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. राखणदार किती सावध आहेत हे पाहण्यासाठी त्यांनी लिनक्सला जाणूनबुजून सदोष दुरुस्त्या पाठवल्या. कोणाला विचारले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये राखणदारांनी त्या विद्यापीठाचे काम घेणेच बंद केले. संशोधकांना जाहीर माफी मागावी लागली. उघडे काम विश्वासावर चालते. एका प्राध्यापकाच्या चुकीने साऱ्या विद्यापीठाच्या मुलांना दार बंद होते.

पैशाची गोष्ट

बापाचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. पोट सर्वांना आहे. म्हणून पैशाचे स्पष्ट सांगतो.

या कामापैकी बरेच काम बिनपैशाचे असते. पण मोठ्या कंपन्या लिनक्ससारख्या कामासाठी पगारी माणसेही ठेवतात. विद्यार्थ्यांना मानधन देणारे उपक्रमही आहेत. गूगल कंपनीने २००५ साली एक उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याने काही महिने एका उघड्या सॉफ्टवेअरवर काम करायचे, जवळ एक मार्गदर्शक असतो, आणि काम पुरे झाले की मानधन मिळते. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही त्यात घेऊ लागले. मुलींसाठी आउटरीची हा उपक्रम आहे. त्याची सुरुवात २०१० साली झाली. ज्यांना या कामात सहसा वाव मिळत नाही, अशा इतरांनाही त्यात घेतात. फॉसीतही विद्यार्थी निवडताना आधी काम करून दाखवायला सांगतात.

सर्वांची निवड होत नाही, हेही ध्यानात ठेवा. मुलाने एवढ्यावर भरवसा ठेवून घरचे काम किंवा परीक्षा सोडू नये.

आणखी एक इशारा. उघड्या कामात दुरुस्ती पाठवायला कोणी पैसे घेत नाही. "इतके हजार भरा, मुलाला परदेशी काम आणि प्रमाणपत्र देतो," असे कोणी म्हणाला, तर सावध व्हा. आधी गावातील जाणत्या माणसाला विचारा. कापूस मग विका.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी माणसे, आम्हांला यातले काय कळते? कळण्यासारखे पुष्कळ आहे.

मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल, तर एक प्रश्न विचारा. तू स्वतः काय केलेस? मला समजेल असे सांग. त्याला सांगता आले, तर तो शिकला. नाही आले, तर कोठे तरी पाणी मुरते आहे.

कॉलेजच्या प्राध्यापकांना भेटा. मुलांना तयार प्रोजेक्ट आणू देऊ नका, उघड्या कामात घाला, असे सांगा. चार बापांनी मिळून सांगितले तर ते ऐकतात. शनिवारी दोन तास जवळ बसणारा एक प्राध्यापक मिळाला, तरी दहा मुलांचे भले होते.

मोबाइलवर मराठी चुकीची दिसली, तर हसून सोडू नका. मुलाला दाखवा. शेतीचे, अवजारांचे, पिकांचे खरे शब्द तुमच्याजवळ आहेत. वखराला वखर म्हणतात आणि डवऱ्याला डवरा, हे लिहिणाऱ्याला तुम्हीच सांगायला हवे. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश असाच उघड्यावर लिहिला जातो. तो २००३ साली महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्यात तुमच्या गावाविषयी, पिकाविषयी कोणीही भर घालू शकतो.

एके काळी विद्या मूठभर लोकांच्या घरात कोंडलेली होती. ती उघडी व्हावी म्हणून आपल्या थोरांनी जन्म वेचले. पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली, ती याचसाठी. आता विद्येचा आणखी एक दरवाजा उघडा झाला आहे. आत जायला वशिला लागत नाही. पण हातात झाडू घ्यावा लागतो, आणि परत आलेले काम पुन्हा करण्याचा धीर लागतो.

तुमच्या घरातले पोर तीनदा परत आलेले काम चौथ्यांदा करीत बसले असेल, तर त्याला बोलू नका. चहा करून द्या.

वाचा आणि सांगा

१. घरचे बी आणि उघडे सॉफ्टवेअर यांत सारखे काय आहे?
२. वस्ताद मुलाच्या ऐवजी स्वतः मल्लखांबावर का चढत नाही?
३. पोर्तुगालच्या बाईंनी मुलाचे काम तीनदा परत का पाठवले? त्या स्वतः काय शिकल्या?
४. फोटोपुरता झाडू मारणारा आणि खरे काम करणारा, हे कसे ओळखाल?
५. हा धडा वाचताना तुम्ही कोठे अडलात? ते आपल्या शिक्षकांना सांगा.